देवळालीचे गणितानंद

१९०५ ही संख्या घ्या. तिचे चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले की होतात ९५१०. उलटे मांडले की ०१५९. पहिल्यातून दुसरी वजा केली की उरतात ९३५१. आता या उत्तराचे अंक पुन्हा तसेच मांडा आणि वजाबाकी करा: ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. पुन्हा करा: ८७२१ वजा १२७८, उत्तर ७४४३. त्यानंतर ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. आणि सातव्या वजाबाकीत, ७६४१ वजा १४६७, उत्तर येतं ६१७४.

आठवी वजाबाकी करायला घेतली की काहीतरी वेगळं घडल्याचं लक्षात येतं. ६१७४चे अंक मांडले तर पुन्हा ७६४१ आणि १४६७ याच संख्या हाती येतात, आणि उत्तर पुन्हा ६१७४. नववी करा, शंभरावी करा, उत्तर हलत नाही.

आता तुमचं जन्मसाल घ्या. मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक घ्या, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा नंबर घ्या. चारही अंक एकसारखे नसले म्हणजे झालं. २२२२ घेतलं तर पहिल्याच फेरीत शून्य हाती येईल. मध्येच तीन अंकी उत्तर आलं तर डावीकडे शून्य लावायचं आणि पुढे जायचं. कुणी एका फेरीत पोचतं, कुणाला चार लागतात, पण जास्तीत जास्त सात फेऱ्यांत सगळ्या संख्या ६१७४पाशी येऊन थांबतात. ०००० ते ९९९९ या पट्ट्यात अशा ९,९९० संख्या आहेत. त्यांतली एकही वाट चुकत नाही. मी हे आजवर किती वेळा करून पाहिलंय ते सांगता येणार नाही, पण दर वेळी शेवटून दुसऱ्या वजाबाकीला मनात धाकधूक होते, आणि दर वेळी ते चार अंक समोर आले की अंगावर काटा येतो.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हे जगापुढे ठेवलं एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळच्या देवळालीत ते शिकवत. वर मुद्दाम घेतलेलं १९०५ हे त्यांचं जन्मसाल. आणि १९४९ घेऊन पाहिलंत तर त्यालाही बरोबर सातच फेऱ्या लागतात. यात गूढ काही नाही, अशा संख्या पुष्कळ आहेत. तरी ते जुळलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

हे सांगण्याचं कारण एक जुनाच प्रश्न आहे. नोकरीत दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं, निवृत्तीच्या दाराशी आलेली माणसं, अगदी नुकती पदवी घेतलेली मुलंसुद्धा हल्ली गप्पांत तो काढतात: आपण हे सगळं कशासाठी करतोय? पगार वेळेवर येतो, घराचे हप्ते फिटतायत, मुलांची शिक्षणं मार्गी लागली आहेत, पण सकाळी उठून कामाला लागताना पाय जड होतात. या प्रश्नावर पुस्तकं निघतात, शिबिरं भरतात, व्याख्यानं होतात. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: आपलं ध्येय शोधा, ते मोठं असू द्या, जगाला त्याचा उपयोग होऊ द्या. ते ऐकताना मला कापरेकर आठवतात, आणि त्यांच्या आयुष्यात या सल्ल्यातलं काहीच बसत नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ला डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि आकड्यांची गोडी मुलाला लागली ती तिथेच. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली स्वतंत्र गणिती कामासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ला पदवी हाती आली. त्यापुढे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३०मध्ये देवळालीच्या शाळेत मास्तरकी धरली आणि १९६२ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिथूनच निवृत्त झाले. सायकलवर फिरत, खासगी शिकवण्या करत, नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करत. विद्यापीठ नाही, संशोधनाची जागा नाही, सोबतीला विद्यार्थ्यांचं मंडळ नाही. संगणक नाही हे तर उघडच आहे. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ, एवढ्या भांडवलावर ते पन्नास वर्षं संख्यांच्या मागे लागले.

काय शोधत होते ते जरा जवळून पाहू, कारण त्या बारीकसारीक गोष्टींतच हा माणूस कळतो.

४५चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे पाडा, २० आणि २५. बेरीज ४५. ५५चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून पुन्हा ५५. योगायोग म्हणावा तर २९७ घ्या. तिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. वर्ग करून ती संख्या मोठी झाली, तिचे दोन भाग झाले, आणि ते भाग एकत्र आले तर पुन्हा मूळचीच. हे पहिल्यांदा हाती लागलं असेल त्या क्षणी देवळालीतल्या त्या खोलीत दुसरं कुणी असेल का, आणि असेल तर मास्तरांनी लगेच त्याला सांगितलं असेल का, असा विचार माझ्या मनात हटकून येतो.

मग त्यांच्या स्वयंभू म्हणाव्यात अशा संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. २१ घेतली तर २१ अधिक ३, म्हणजे २४. २४ वरून ३०, ३० वरून ३३, ३३ वरून ३९, ३९ वरून ५१. या वाटेवर प्रत्येक संख्येला एक जनक आहे: २४चा जनक २१, ३०चा जनक २४. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ वरूनही १०१ येते आणि १०० वरूनही १०१ येते. आणि काहींना जनकच नसतो. २० वर कुठूनही पोचता येत नाही. दहापासून एकोणीसपर्यंत सगळ्या संख्या तपासा, त्यांची उत्तरं ११, १३, १५, १७, १९, २१ अशी पडतात आणि २० हुकते. पुढे ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ याही अशाच, अकरा-अकराच्या अंतरावर. त्या पाठोपाठ येते १०८. आपल्या जपमाळेत १०८ मणी असतात, आणि तीच संख्या या अनाथ संख्यांच्या रांगेत सापडते, हे वाचून मी कागद बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो. १०८ नंतर मात्र अकराचं अंतर मोडतं आणि थेट ११० येते. पुन्हा अकराची चाल सुरू होते ती तिथून. या संख्यांना दुसरं नाव आहे देवळाली संख्या.

नावं ठेवण्याची त्यांची ही रीत मला फार आवडते. १, १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो स्थानकावर सुचली. ते स्थानक म्हणजे आताचं डोंबिवली. म्हणून त्या डेम्लो संख्या. गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या एका मास्तरांनी त्या फलाटाचं नाव गणिताच्या कोशांत नेऊन बसवलं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. रामानुजनांच्या किश्श्यातल्या टॅक्सीची प्रसिद्ध १७२९ घ्या: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. खुद्द ६१७४सुद्धा हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन.

आता मघाची वजाबाकी. सगळ्या संख्या ६१७४कडेच का येतात? याचं निम्मं उत्तर शाळेतल्या गणितात आहे. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडून उलट संख्या वजा करणं म्हणजे प्रत्यक्षात दोनच गोष्टी करणं: सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान अंक यांच्यातल्या फरकाला ९९९ने गुणायचं, मधल्या दोन अंकांतल्या फरकाला ९०ने गुणायचं, आणि दोन्हीची बेरीज करायची. १९०५साठी पाहा. नऊ आणि शून्यातला फरक ९, त्याला ९९९ने गुणलं की ८९९१. पाच आणि एकमधला फरक ४, त्याला ९०ने गुणलं की ३६०. बेरीज ९३५१, तेच आपलं पहिलं उत्तर. म्हणजे चार अंकांपैकी उत्तर ठरवणारे आकडे दोनच: बाहेरचा फरक आणि आतला फरक. बाहेरचा फरक १ ते ९ मधला कोणताही, आतला शून्यापासून बाहेरच्या फरकाइतका. अशा जोड्या मोजल्या तर भरतात ५४. पहिल्या वजाबाकीला ९,९९० संख्यांच्या उरतात फक्त ५४. ही गर्दी एका पावलात इतकी आटते, हे मला ६१७४ इतकंच थक्क करणारं वाटतं.

उरलेलं निम्मं उत्तर मात्र कुठल्या सूत्रात नाही. त्या ५४ संख्या एकेक करून तपासायच्या, आणि सगळ्या वाटा ६१७४ला मिळतात हे डोळ्यांनी पाहायचं. दुपारभरात होणारं काम आहे, आठवीतल्या मुलालाही जमेल. पण असंच व्हायला हवं होतं अशी सक्ती कुठेही नव्हती. दोन अंकांवर हाच प्रयोग करा: ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९, असं गोल फिरत राहावं लागतं, थांबा कुठेच नाही. तीन अंकांना थांबा मिळतो, ४९५. चार अंकांना ६१७४. पाच अंकांवर गेलात की पुन्हा सगळं विस्कटतं. तिथे एका संख्येऐवजी तीन वेगवेगळी वर्तुळं आहेत. त्यांतलं एक ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यात नुसतं येरझाऱ्या घालतं. चार अंकांच्या या घरात एकच दार आहे हे आधी सांगता आलं नसतं. कुणीतरी बसून वजाबाक्या कराव्या लागल्या. शेकडो, हजारो वजाबाक्या, आणि त्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

इथे एका मोठ्या माणसाचा विरोधी कौल ऐकलाच पाहिजे. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, रामानुजनांना जगापुढे आणणारे. १९४० साली त्यांनी ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटं पुस्तक लिहिलं, आणि त्यात खऱ्या गणितात काय बसत नाही याचं उदाहरण म्हणून नेमक्या अशाच गोष्टी घेतल्या. ८७१२ ही २१७८च्या चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९च्या नऊपट. स्वतःच्याच उलट्या संख्येच्या पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींचं म्हणणं असं की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, हौशी माणसांना रमवेल, पण गणितज्ञाला यात मन घालण्यासारखं काही नाही. यातून कुठला व्यापक सिद्धांत निघत नाही, सिद्धतेत खोली नाही. पुढच्या नऊ वर्षांत कापरेकर ६१७४ घेऊन मद्रासला उभे राहिले. भारतातल्या गणितज्ञांनीही त्यांच्या कामाला सुरुवातीला फारशी दाद दिली नाही. त्यांचे निष्कर्ष बरेचदा दुय्यम नियतकालिकांत छापले गेले, नाहीतर त्यांनी स्वतःच पुस्तिका काढल्या.

हार्डींचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. ६१७४ची सगळी जादू आपण दशमान पद्धतीत मोजतो एवढ्यावर उभी आहे. आपल्या दोन्ही हातांना मिळून आठ बोटं असती तर ही संख्या कुणाला दिसलीही नसती. लोक ज्याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, त्यातलाच हा उद्योग, असं कुणी म्हटलं तर वाद घालायला जागा नाही. आणि तरीही कापरेकरांचं आयुष्य अर्थपूर्ण नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते स्वतः म्हणत की दारुड्याला ती धुंदी टिकावी म्हणून पीतच राहावंसं वाटतं, तसं माझं आकड्यांच्या बाबतीत आहे. संख्यांचा छंद असलेले लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले, ते काही उगाच नाही.

मग अर्थ नेमका कुठून येतो? माणसाच्या कामातल्या अर्थाचा अभ्यास करणाऱ्यांनी काही विलक्षण गोष्टी पाहिल्या आहेत. अमेरिकेत एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक निबंध छापला. लोक आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात, असं त्यांना दिसलं: पोटापाण्याची नोकरी, वर चढत जाण्याचं करिअर, किंवा आयुष्याचा वसा. यात आश्चर्य असं की कॉलेजमध्ये कारकुनी करणाऱ्या एका छोट्या गटात, म्हणजे ज्यांचं काम साधारण सारखंच होतं त्यांच्यात, तिन्ही तऱ्हेची माणसं जवळजवळ सारख्याच प्रमाणात निघाली. टेबल तेच, फायली त्याच, पगार तसाच, आणि तरी एकाला ती नोकरी आणि शेजारच्याला तो वसा. पुढे २००१मध्ये रेझनेस्की आणि जेन डटन यांनी इस्पितळातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. काही जण नेमून दिलेली खोली झाडून पुढे जात. काही जण मात्र आपण रुग्ण बरा होण्याच्या कामात सहभागी आहोत असं मानून वागत. कोण एकटं पडलंय, कुणाचे नातेवाईक घाबरलेत, हे ते पाहत. बराच काळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांच्या खोल्यांतली भिंतीवरची चित्रं एक कर्मचारी अधूनमधून बदलून लावत असे. त्या रुग्णांच्या मनापर्यंत काहीतरी पोचेल, या आशेने. ते काम तिच्या यादीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मला कापरेकरांमध्ये आणि त्या बाईंमध्ये काहीतरी एकच दिसतं. दोघांनीही न सांगितलेलं काम केलं, आणि दोघांनीही समोरच्या वस्तूकडे गरजेपेक्षा जास्त लक्ष दिलं. माझ्या मते अर्थ या लक्षातूनच निपजतो. आधी ध्येय ठरवून, मग त्यातून अर्थ मिळवण्याची खटपट करणारी माणसं बहुधा थकतात, कारण ती सतत स्वतःकडेच बघत राहतात: मला काही वाटतंय का, मी पुढे गेलो का. कापरेकर ४५कडे बघत होते. ४५ त्यांना उत्तर देत होती. चूक केली तर ‘चूक’ म्हणत होती, बरोबर निघालं तर २०२५ होऊन समोर येत होती. ज्या वस्तूशी प्रामाणिकपणे बोललं तर ती परत बोलते, अशी एखादी वस्तू आयुष्यात असणं मला फार मोठं वाटतं, मग ती वस्तू संख्या असो, शेत असो, रुग्ण असो किंवा शिवणयंत्राची सुई.

आणखी एक. नोकरी सोडा आणि आवडीच्या मागे जा, हा सल्ला हल्ली फार स्वस्त झाला आहे. कापरेकरांनी नोकरी सोडली नाही. बत्तीस वर्षं शाळेत घंटा झाली की वर्गावर गेले. संख्यांनी त्यांना पोसलं नाही आणि त्यांनीही संख्यांकडून ती अपेक्षा धरली नाही. मास्तरकी आणि संख्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या. आपल्याकडे असे अनेक जण होऊन गेले आहेत: दिवसा कचेरीत, पोस्टात, शाळेत, आणि उरलेल्या वेळात कुणी शिलालेख वाचतंय, कुणी जुने शब्द गोळा करतंय, कुणी पक्ष्यांची घरटी मोजतंय. त्या माणसांच्या बायकामुलांना या नादाची झळ लागत असे, तीही विसरून चालणार नाही. त्यांनी सोसलं म्हणून हे नाद टिकले.

१९०५ सालीच, कापरेकरांनंतर सव्वादोन महिन्यांनी, २६ मार्चला व्हिएन्नात आणखी एक मूल जन्माला आलं. पुढे आयुष्याच्या अर्थाबद्दलच लिहिणारे व्हिक्टर फ्रँकल. दोघांची आयुष्यं शेजारी ठेवायला मन धजत नाही, कारण एकाचं देवळालीच्या शांततेत गेलं आणि दुसऱ्याचं छळछावण्यांतून. १९४२मध्ये फ्रँकलना पत्नी आणि आईवडिलांसह टेरेझिनच्या छावणीत नेण्यात आलं, १९४४मध्ये ऑश्विट्झला. अर्थाबद्दलच्या आपल्या पुस्तकाचं हस्तलिखित त्यांनी कोटात दडवलं होतं, ते तिथे गेलं. पुढच्या एका छावणीत टायफसच्या तापात रात्री जागं राहण्यासाठी ते चोरून मिळवलेल्या कागदाच्या चिटोऱ्यांवर तेच पुस्तक आठवून लिहीत राहिले. सुटका झाली तेव्हा पत्नी, आई, वडील, भाऊ, कुणीच उरलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी नऊ दिवसांत छावणीतल्या अनुभवांवरचं पुस्तक सांगून लिहून घेतलं. ते १९४६मध्ये आलं.

फ्रँकल यांच्या सांगण्यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एक कलाटणी. आयुष्याचा अर्थ काय, असं आपण आयुष्याला विचारत बसतो. ते म्हणतात, प्रश्न आयुष्य आपल्याला विचारत असतं, रोज, प्रत्येक तासाला, आणि उत्तर आपण वागण्यातून द्यायचं असतं. अर्थाच्या तीन वाटा त्यांनी सांगितल्या. काही निर्माण करणं ही पहिली. काही अनुभवणं, कुणावर किंवा कशावर प्रेम करणं ही दुसरी. आणि जे दुःख टाळता येत नाही ते कसं पेलायचं हे ठरवणं ही तिसरी. आपली व्याख्यानं पहिल्या वाटेवरच घुटमळतात. दुसऱ्या वाटेबद्दल फार कमी बोललं जातं: एखादी सुंदर किंवा खरी गोष्ट नुसती पाहिली, तिच्यापुढे थक्क होऊन उभं राहिलं, तर तेवढ्यानेही आयुष्याला अर्थ येतो, हे छावणीतून परतलेला माणूस सांगतो. देवळालीच्या मास्तरांनी हे पुस्तक वाचण्याची गरज नव्हती. ते त्या वाटेवर आधीच फार पुढे गेले होते.

त्यांची वाट सोपी होती असं मात्र नाही. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनात भागेना. १९६६ साली पत्नी गेल्या. अगदी साधेपणाने राहूनही गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन त्यांना चरितार्थ चालवावा लागला. १९६३मध्ये त्यांनी स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका देवळालीहून स्वतःच छापली होती. ती किती जणांनी उघडली असेल याचा विचार करवत नाही. आणि मग मार्च १९७५मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या ‘मॅथेमॅटिकल गेम्स’ या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिलं. गार्डनर यांच्याकडे गणिताची पदवी नव्हती. ते तत्त्वज्ञान शिकले होते. गणितातल्या गमतींवर प्रेम करणारा एक माणूस जगाच्या एका टोकाला, तसाच दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एक पुस्तिका. त्या वर्षी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. जगभरचे लोक चार अंकांच्या वजाबाक्या करू लागले.

हार्डींना ज्यात खोली दिसली नसती तिथे पुढे गणितज्ञ उतरलेही. १९८२ साली इटलीच्या उंबर्तो झानिएर यांनी स्वयंभू संख्यांबद्दल सिद्ध केलं की मोजत कितीही पुढे गेलो तरी त्या विरळ होत संपत नाहीत. एका ठरावीक प्रमाणात त्या भेटतच राहतात. दशमान पद्धतीत हे प्रमाण सुमारे दहात एक असं पडतं. कापरेकर तेव्हा हयात होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचं निधन झालं. आज संगणकाचा अभ्यास करणाऱ्या मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवताना ६१७४ आणि स्वयंभू संख्या सरावासाठी दिल्या जातात, आणि त्यांतल्या कित्येकांना हे काम नाशिकजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या माणसाचं आहे याची कल्पना नसते.

तुमच्या फ्लॅटचा किंवा घराचा नंबर घ्या. त्याच्या मागच्या तीस-पस्तीस संख्या एकेक करून बघा, प्रत्येकीत तिच्या अंकांची बेरीज मिळवत. दहातल्या साधारण नऊ नंबरांना जनक सापडतो. तुमच्या नंबराला नाही सापडला, तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवा, आणि ही देवळाली संख्या आहे असं त्यांना सांगा.